भुकेची सुई

यंदांच्या लग्नसराईंत फैजपूर-सावद्याकडील घरांतून एक नवीच कुजबूज ऐकूं येऊं लागली आहे. अमक्यांची मुलगी चार महिन्यांत ओळखूं येईनाशी झाली. तमक्यांच्या सूनबाई पंगतींत दोन घास खाऊन ताट बाजूस सारतात. आणि ह्या सर्वांचें कारण म्हणे आठवड्यांतून एकदां पोटावर टोचून घ्यावयाचें एक इंजेक्शन आहे. ज्या घरांत तें आलें आहे तेथें बहुधा चोरूनच आलें आहे. फ्रीजमध्यें दह्याच्या भांड्यामागें एक लहानसें खोकें, आणि कोणीं विचारलेंच तर "जीवनसत्त्वाचें आहे" असें उत्तर. वडील मंडळींस कळलें म्हणजे त्यांचा शेरा ठरलेला: "जिभेवर ताबा राहत नाहीं म्हणून सुई टोचून घ्यावयाची काय?" तरुण मंडळींचा समज नेमका उलट, पैसे मोजले कीं शरीर हवें तसें घडवून मिळतें. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष चुकत आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्यें जो मनुष्य खरोखरच आजारी आहे त्याची कुचंबणा होत आहे. म्हणून ह्या महिन्यांत हाच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें औषध आहे तरी काय तें पाहूं. अन्न पोटांत गेलें म्हणजे आंतड्यांतील कांहीं पेशी एक रस रक्तांत सोडतात. शास्त्रज्ञ त्यास जीएलपी-१ म्हणतात. हा रस स्वादुपिंडास इन्सुलिन सोडण्याची सूचना देतो, जठरांतून अन्न पुढें सरकण्याचा वेग मंद करितो, आणि मेंदूस "आतां पुरे" असा निरोप पोंचवितो. परंतु निसर्गतः तो दोन-तीन मिनिटांतच निकामी होतो. त्याच्यासारखाच पण टिकाऊ पदार्थ मिळावा म्हणून बरींच वर्षें खटपट चालली होती. तसा पदार्थ सांपडला तो अमेरिकेंतील हीला मॉन्स्टर नांवाच्या विषारी सरड्याच्या विषांत! डॉ. जॉन एंग यांनीं १९९२ सालीं तो शोध प्रसिद्ध केला, व त्यावरून बनविलेलें मधुमेहाचें पहिलें औषध २००५ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. पुढें डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनें सेमाग्लुटाइड व अमेरिकेच्या इलाय लिली कंपनीनें टिर्झेपाटाइड हीं आठवड्यांतून एकदांच टोचावयाचीं औषधें तयार केलीं. ओझेंपिक, वेगोव्ही हीं पहिल्याचीं बाजारांतील नांवें, मौंजारो हें दुसऱ्याचें.

मधुमेह्यांचें वजन उतरतें आहे असें दिसल्यावर मधुमेह नसलेल्या स्थूल माणसांवर चाचण्या झाल्या. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत १,९६१ माणसें होतीं. सर्वांस आहार-व्यायामाचा सल्ला सारखाच दिलेला होता. ६८ आठवड्यांनंतर सेमाग्लुटाइड घेणारांचें वजन सरासरीनें १४.९ टक्के उतरलें, आणि ज्यांस न कळत औषधरहित सुई दिली होती त्यांचें २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या २०२२ मधील चाचणींत सर्वांत मोठ्या मात्रेनें ७२ आठवड्यांत २०.९ टक्के उतार पडला. म्हणजे नव्वद किलोंचा मनुष्य एकाहत्तरांवर आला. २०२३ सालीं आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या सतरा हजारांहून अधिक स्थूल माणसांत सेमाग्लुटाइडनें हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व त्या विकारांनीं येणारे मृत्यु मिळून एकपंचमांशानें कमी झाले. तेव्हां ही केवळ रूप सजविण्याची वस्तु आहे असें आतां म्हणतां येणार नाहीं.

आतां वडील मंडळींच्या शेऱ्याकडे वळूं. लठ्ठपणा म्हणजे खादाडपणा आणि खादाडपणा म्हणजे संयमाचा अभाव, हें समीकरण आपल्या घरांतून इतकें रुजलें आहे कीं तें आपल्या शास्त्रांतलेंच असावें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तसें नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायास अष्टौनिन्दितीय असें नांव आहे. त्यांत अतिस्थूल व अतिकृश ह्या दोघांचा विचार मुख्यत्वें केला आहे. स्थौल्याचीं कारणें सांगतांना ग्रंथकार अति खाणें, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोंप हीं तर सांगतोच, चिंता न करणें व सदा आनंदांत असणें हींही सांगतो (निवृत्त शिक्षकांस हीं दोन लागू पडावयाचीं नाहींत!); परंतु शेवटीं बीजस्वभाव, म्हणजे आईबापांकडून आलेली प्रकृति, हेंही एक कारण म्हणून स्पष्टपणें मोजतो.

ह्याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. अतिस्थूलाचे आठ दोष त्यानें गणिले आहेत. आयुष्य घटणें, हालचाल मंदावणें, दुर्बलता, घाम वगैरेंच्या जोडीस अतिशय भूक व अतिशय तहान हींही दोन त्यांत आहेत. म्हणजे भूक ही येथें रोगाचें लक्षण म्हणून आली आहे. मेदानें मार्ग रोधले गेले कीं वायु कोठ्यांतच फिरत राहतो, अग्नि भडकवितो, खाल्लेलें लवकर जिरतें, आणि त्या माणसास पुनः अन्नाची वासना होते, असें त्याचें प्रतिपादन आहे. चरकास जीएलपी-१ ठाऊक होता असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. तसले दावे करणारांचा आम्हांस कंटाळा आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, स्थूल माणसाची भूक इतरांच्या भुकेसारखी नसते, ती त्याच्या शरीरांतच बिघडलेली असते, हें त्या वैद्यानें बारकाईनें पाहिलें होतें, आणि आपण मात्र त्याच माणसास पंगतींत टोमणे मारून बरा करूं पाहतों. ज्यांनीं हें औषध घेतलें आहे अशा कित्येकांचें सांगणें आहे कीं, दिवसभर डोक्यांत चाललेली खाण्याची गुणगुण एकाएकीं थांबली. ज्याच्या डोक्यांत ती गुणगुण कधीं चाललीच नाहीं, त्यानें आपल्या संयमाची प्रौढी मिरवूं नये हें बरें.

ह्यांत आपल्या देशाची, किंबहुना आपल्या महाराष्ट्राची, एक खास बाजू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडांतील डॉ. जॉन यडकिन ह्या दोघांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत आपलेच छायाचित्र छापिलें. वजन आणि उंची यांचें प्रमाण दोघांचेंही एकच. वजनाच्या किलोंस उंचीच्या मीटरांच्या वर्गानें भागिलें असतां जो अंक येतो, ज्यास डॉक्टर बीएमआय म्हणतात, तो दोघांचाही २२.३. दिसावयास दोघेही सडसडीत. परंतु यंत्रानें मोजतां यडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरांत २१.२ टक्के! आपल्याकडील हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा हा जो नेहमींचा थट्टेचा विषय, त्यांतील इंगित हें आहे. चरबी पोटांत, यकृताभोंवतीं सांचते, आणि मधुमेह हा दिसण्यांत किडकिडीत असलेल्या माणसासही गांठतो.

हें कोठून आलें? याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा व त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तेथील बालकांचें जन्माच्या वेळचें सरासरी वजन सुमारें २.७ किलो, आणि इंग्लंडांतील साउथॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो. परंतु पुण्याकडील बालकें स्नायूंत जितकीं कमी होतीं तितकीं चरबींत कमी नव्हतीं. ज्या आया गरोदरपणीं हिरव्या पालेभाज्या, फळें व दूध अधिक वेळां खात, त्यांचीं बाळें मोठीं होतीं. पोटांत असतांना ओढ सोसलेलें हें मूल पुढें सुबत्तेंत वाढलें म्हणजे मधुमेहाच्या वाटेस लागतें, असें ह्या मंडळींचें प्रतिपादन आहे.

फैजपूरच्या माणसास हें वाचून १९३६ सालाची आठवण झाल्याशिवाय राहत नाहीं. त्या डिसेंबरांत येथें पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालीं काँग्रेसचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें, आणि शेतकऱ्यांवरील सारा व कर्ज यांचा भार कमी व्हावा असा शेतकी कार्यक्रम तेथें मान्य झाला. अर्धपोटीं खेडें हा त्या वेळचा प्रश्न होता. ब्राह्मणांच्या वाड्यांत तशी उपासमार नव्हती हें खरें. परंतु त्या वाड्यांतील सून, मग ती गरोदर कां असेना, सर्वांच्या मागून जेवीत असे, आणि भांड्यांत जें उरेल तें तिच्या वांट्यास येई. दूध मुलांस, तूप पुरुषांस, आणि तिला भाताच्या तळाची खरवड. ज्या घरानें पणजीस शेवटीं जेवावयास घातलें, त्याच घरानें आज पणतीच्या कमरेवर बोट ठेवावें, ह्यांत आम्हांस तरी न्याय दिसत नाहीं.

इतकें सांगितल्यावर तरुण पक्षास आनंद झाला असेल. त्यांनीं पुढचेंही ऐकावें. हें औषध कोणासाठीं आहे तें ठरलेलें आहे. भारतांत वजन कमी करण्यासाठीं तें मान्य झालें आहे तें बीएमआय ३० वा त्याहून अधिक असल्यास, किंवा २७ वा अधिक असून जोडीस मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असल्यास. पांच फूट तीन इंच उंचीच्या स्त्रीचा हिशेब केला तर तीस म्हणजे सुमारें ७७ किलो, आणि सत्तावीस म्हणजे सुमारें ६९. साठ किलोंची मुलगी शालू नीट बसावा म्हणून सुई घेते, तिच्यासाठीं हें नाहीं. तें डॉक्टरच्या चिठ्ठीविना विकावयाचेंही नाहीं. आमचा एक जुना विद्यार्थी औषधांचें दुकान चालवितो. तो सांगतो कीं गिऱ्हाइकें चिठ्ठीऐवजीं मोबाइलवर मैत्रिणीच्या खोक्याचें चित्र दाखवितात, आणि तो त्यांस परत पाठवितो. सर्वच दुकानदार तसें करीत असतील अशी आमची खात्री नाहीं.

लग्नाच्या मुलींविषयीं तर एक गोष्ट स्पष्टच लिहिणें अवश्य आहे, जरी आमच्या पिढीस तें लिहितांना संकोच वाटतो. गरोदरपणांत हें औषध चालत नाहीं. सेमाग्लुटाइड तर मूल व्हावयास हवें असेल तेव्हां निदान दोन महिने आधीं बंद करावें लागतें. टिर्झेपाटाइडमुळें संततिनियमनाच्या तोंडानें घ्यावयाच्या गोळ्यांचा परिणाम उणा पडूं शकतो. जी मुलगी लग्नाकरितां चोरून सुई घेते आणि लग्नानंतरही सासरीं कोणास सांगत नाहीं, तिनें ह्या दोन गोष्टींचा विचार केलेला असतो काय? तिच्या आईनें तरी तो करावा.

वडील मंडळींचा नव्या औषधांविषयींचा संशय अगदींच निराधार आहे असेंही आम्ही म्हणणार नाहीं. बारीक होण्याच्या औषधांचा पूर्वेतिहास चांगला नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत डायनायट्रोफेनॉल नांवाचें द्रव्य लोकांनीं घेतलें, आणि कित्येकांस मोतीबिंदु होऊन तर कांहींचे प्राण जाऊन तें बंद पडलें. फेनफ्लुरामीन १९९७ सालीं हृदयाच्या झडपा बिघडवितें म्हणून मागें घेतलें गेलें. सिब्युट्रामीन २०१० सालीं पाश्चात्य देशांत व २०११ सालीं आपल्याकडे बंद झालें. आजचीं हीं औषधें त्यांहून पुष्कळच अधिक कसोटीस उतरलीं आहेत. तरीही मळमळ, वांति, जुलाब, बद्धकोष्ठ हीं पुष्कळांस होतात, विशेषतः मात्रा वाढवितांना. म्हणूनच ती लहानशा मात्रेपासून सुरू करून महिन्या-महिन्यानें चढवितात. क्वचित् स्वादुपिंडास सूज येते, पित्ताशयांत खडे होतात. ज्यांच्या कुळांत कंठग्रंथीचा मेड्युलरी जातीचा कर्करोग झालेला आहे त्यांनीं तें घेऊंच नये. घराण्याचा हा इतिहास घरांतील वृद्धांसच ठाऊक असतो, आणि सुई चोरून घेतली म्हणजे तो विचारावयाचा कोणास?

पैशाचा हिशेबही मांडला पाहिजे. मौंजारो मार्च २०२५ मध्यें भारतांत आलें तेव्हां २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीस ३,५०० रुपये व ५ मिलिग्रॅमच्या कुपीस ४,३७५ रुपये अशी किंमत होती; आठवड्यास एक कुपी. वेगोव्ही त्याच वर्षाच्या जूनमध्यें आलें, महिन्यास १७,३४५ रुपयांपासून पुढें. आणि नोव्हेंबरांत त्याची किंमत बरीच उतरविली गेली. सेमाग्लुटाइडवरील भारतांतील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. त्यापुढें देशी कंपन्यांस वाट मोकळी. किंमत उतरली म्हणजे मोह वाढतो. परंतु किती महिने, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. वर सांगितलेल्या २०२१ च्या चाचणींतील कांहीं माणसांचें औषध थांबविल्यावर एक वर्ष निरीक्षण केलें, तेव्हां उतरलेल्या वजनापैकीं सुमारें दोनतृतीयांश परत आलें होतें. रक्तदाबाची गोळी बंद केली कीं रक्तदाब चढतो, तसेंच हें. चार महिन्यांच्या पैशांनीं चार महिन्यांचेंच वजन विकत मिळतें.

स्वयंपाकघराशीं ह्याचा संबंध कसा तें सांगतों. वजन उतरतें तें केवळ चरबीचें नसतें; स्नायूही झिजतात. मुळांतच स्नायु कमी असलेल्या आपल्या लोकांस हें परवडणारें नाहीं. भूक मंदावलेल्या माणसानें दोन घास वरणभाताचे व एक घास गोडाचा खाऊन उठावें, तर त्याच्या अंगीं कांहींच लागणार नाहीं. जें थोडें पोटांत जावयाचें त्यांत आधीं मुगाचें घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, पनीर असावें. आपल्या खानदेशांतील कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, ह्या कामीं गव्हाच्या पोळीहून सरस आहे. शाकाहारी घरांतून ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ असते. याज्ञिकांच्या खेड्यांतील मातांतही ती फार आढळली. आणि मधुमेहावर मेटफॉर्मिन चालूं असेल तर ती आणखी वाढते. तें रक्तांत तपासून घ्यावें. रोज पाऊण तास चालावें, आणि चालण्याबरोबर थोडें वजन उचलण्याचाही व्यायाम करावा. आमच्या वेळच्या सूर्यनमस्कारांस कोणीं मनाई केलेली नाहीं. एकादशी-चतुर्थीच्या उपवासांविषयीं मात्र डॉक्टरला विचारावें. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी ह्या सुईच्या जोडीस असेल, तर निरंकार उपवासांत रक्तांतील साखर एकाएकीं खालीं जाते. आणि पंगतींत "एक मांडा तरी घ्याच" हा आमच्याकडील आग्रह अशा माणसास करूं नये. त्याच्या जठरांतून आधींचेंच पुढें सरकलेलें नसतें. आग्रहाचा घास उलटून पडतो.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे, ती मुंबई-पुण्याच्या डॉक्टरांच्या ध्यानीं चटकन येत नाहीं. हें औषध २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवावें लागतें, आणि गोठूंही द्यावयाचें नसतें. प्रवासांत किंवा उघडल्यावर कांहीं दिवस ३० अंशांपर्यंत चालतें; किती दिवस तें खोक्यांतील पत्रकांत दिलेलें असतें. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. दुपारचे कित्येक तास वीज नसली, किंवा जळगांवाहून एस. टी. च्या खिडकीजवळ पिशवी ठेवून आणलें, कीं औषध खराब होतें, आणि तें खराब झाल्याचें नुसतें पाहून कळेलच असें नाहीं. बर्फाच्या थंड पिशवींतून आणावें, पण बर्फास टेकवूं नये. शिवाय ह्या दिवसांत वांत्या-जुलाब सुरू झाले तर शरीरांतील पाणी झपाट्यानें उतरून मूत्रपिंडांस अपाय होतो. म्हणून मात्रा वाढवावयाची ती शक्यतों ऐन उन्हाळ्यांत नको; वाढविणें भागच असेल तर मीठ-साखरेचें पाणी जवळ हवें. तहान लागण्याची वाट पाहूं नये, कारण भुकेबरोबर कित्येकांची तहानही मंदावते.

राहतां राहिली चोरीची गोष्ट. कुटुंबांत प्रत्येक गोष्ट प्रत्येकास सांगितलीच पाहिजे असा आमचा आग्रह नाहीं. एकत्र घरांत सुनेस स्वतःचें म्हणून थोडें कांहीं असूं द्यावें. परंतु एक प्रसंग असा आहे कीं तेथें लपविणें जिवावर बेततें. पित्ताशयाची म्हणा, हाड मोडल्याची म्हणा, शस्त्रक्रिया करण्यापूर्वीं रोग्यास उपाशी ठेवितात, तें भूल दिली असतां पोटांतील अन्न उलटून फुफ्फुसांत जाऊं नये म्हणून. ह्या सुईनें जठर मंद झालेलें असतें; बारा तासांच्या उपासानंतरही त्यांत अन्न उरलेलें असूं शकतें. भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीं ठाऊक असेल तर तो त्याप्रमाणें तजवीज करितो. परंतु मोटारीच्या अपघातांत बेशुद्ध पडलेल्या माणसास विचारावयाचें कोणीं? तेव्हां घरांतील निदान एका माणसास, नवऱ्यास, सासूबाईंस, नाहीं तर जाऊबाईंस, ही गोष्ट ठाऊक असावी, आणि फ्रीजच्या दाराच्या आंतल्या बाजूस एका चिठ्ठीवर औषधाचें नांव, मात्रा, आणि शेवटची सुई कोणत्या तारखेस घेतली ती तारीख लिहून ठेवलेली असावी.